दोन प्लायमधून साडेपंधरा फुटांची होडी: घरी बांधणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठच्या माणसाला होडी नवी नाही. सांगलीत होड्यांच्या शर्यती लागल्या की दोन्ही काठांवर गर्दी होते. पुरात तर गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पैलतीराला गेलेली आहेत. तरी स्वतःची होडी स्वतः बांधायची म्हटलं की बहुतेक जण मागे सरतात. सुतारकाम येत नाही, एवढंच कारण असतं. या लेखात दिलेल्या पद्धतीत ते फारसं लागतही नाही. प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडेला भोकं पाडून तारेनं शिवायच्या आणि सांधे एपॉक्सीनं (रेझिन आणि हार्डनर कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनानं) भरून घ्यायचे. इंग्लंडमध्ये १९६३ साली 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीनं आली आणि अशा सत्तर हजारांच्या वर होड्या बांधल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी साध्या नोकरदार माणसांनी घरी बांधल्या.

आपण बांधणार आहोत ती कनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, सपाट तळाची, एकेरी वल्ह्यानं चालवायची हलकी होडी. लांबी साडेपंधरा फूट, वजन ३५ ते ४० किलो. दोघं सहज उचलतात. संथ पाण्यासाठी ती उत्तम आहे. पुराच्या पाण्यासाठी अजिबात नाही, आणि त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एपॉक्सी लागेपर्यंत या होडीतली प्रत्येक चूक दुरुस्त होते. तार सोडा, पट्टी सरकवा, पुन्हा शिवा. एपॉक्सी लागलं की जे आहे ते कायमचं. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ शिवणीत आणि तपासणीत घालवा. चिकटवण्याची घाई करू नका.

आधी पुठ्ठ्याची होडी

प्लायला हात लावण्याआधी एका फुटाला एक इंच या प्रमाणात पुठ्ठ्याचा नमुना करा. एक इंच रुंद आणि १६ इंच लांब अशा दोन पट्ट्या बाजूंसाठी घ्या, तळासाठी दोन इंच रुंदीची एक. बाजूंच्या पट्ट्यांची टोकं एकमेकांना चिकटवा आणि मध्ये एक तुकडा घालून त्या फाकवा. हा तुकडा खाली अरुंद, वर रुंद हवा.

आता टेबलावर ठेवून बघा. पट्ट्या सरळ कापल्या होत्या, तरी होडीची दोन्ही टोकं आपोआप वर उचलली गेली असतील. बाहेरच्या बाजूला कललेली सरळ पट्टी वाकवली की असंच होतं. तळाला मिळणारा हा बाक होडी वळवायला सोपी करतो. आपल्या मापाला तो साधारण तीन इंच येतो. बाजू जास्त कलवल्या तर बाक वाढतो आणि होडी सरळ रेषेत जायला कुरकुरते. अजिबात कलवल्या नाहीत तर ती वळत नाही, आणि लाटही आत घेते.

दुसरी गोष्ट नमुन्यातच कळेल. टोकं काटकोनात कापली तर ती खाली जुळतात आणि वर फाकतात. म्हणून प्रत्येक टोकाला तिरका काप द्यावा लागतो. पूर्ण मापात वरची कड खालच्या कडेपेक्षा दर टोकाला दहा-अकरा इंच लांब राहते. नेमका आकडा तुमच्या नमुन्यावरून घ्या आणि प्लायवर दोन इंच जास्तीचे ठेवूनच आखा.

सामान

प्लाय ६ मिलिमीटरचा, ८ बाय ४ फुटांचा, मरीन. दोन शीट पुरतात. शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा शिक्का हवा. ३०३ नंबरचा प्लाय स्वयंपाकघराच्या फर्निचरला ठीक, होडीला नको. शिक्क्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सांगलीत टिंबर एरियात चार दुकानं फिरा आणि शीटची कड नीट बघा. कडेला थरांमध्ये काळी पोकळी दिसत असेल तर आतही तशीच असणार, आणि वाकवताना शीट नेमकी तिथेच मोडते. दुकानदाराकडून हाताएवढा तुकडा मागून घ्या, घरी जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळा आणि वाळल्यावर कडेत पटाशीचं टोक घालून बघा. थर सुटायला लागला तर ते दुकान सोडा. मानकाप्रमाणे हा प्लाय ७२ तास उकळूनही टिकायला हवा, तेव्हा तुमची परीक्षा त्या मानानं सौम्यच आहे.

एपॉक्सी लॅमिनेशनचं, म्हणजे काचकापड बसवायचं पातळ हवं, सहा-सात किलो. हार्डवेअरच्या दुकानातल्या दोन ट्यूबांचं हे काम नव्हे. फायबरचं काम करणारे तुम्हाला पॉलिएस्टर रेझिन सुचवतील, कारण ते स्वस्त पडतं आणि त्यांच्या रोजच्या हातातलं असतं. पण पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत थर सुटतो, मध्ये पाणी शिरतं आणि प्लाय आतून कुजतो. इतर सगळीकडे काटकसर करा, इथे नको.

याशिवाय २०० ग्रॅम वजनाचं विणलेलं काचकापड सात-आठ मीटर, वरच्या काठासाठी सागाच्या सरळ रेषांच्या चार पट्ट्या आणि पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू. टाक्यांसाठी एक मिलिमीटरची तांब्याची तार लागते. ती शेतीच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्याकडे मिळते. जुन्या मोटारीतून काढलेली तारही चालते, तिच्यावरचं वार्निश आड येत नाही.

हत्यारं घरगुतीच: जिगसॉ किंवा बारीक दात्यांची करवत, धारदार रंधा, ड्रिल, गुण्या, लाइनदोरी, पॉलिश पेपर आणि मिळतील तेवढे शिकंजे (क्लॅम्प). शिकंजे कधीच पुरत नाहीत. शेजारच्या सुताराशी ओळख असेल तर आठवडाभरासाठी मागून आणा.

कापणी आणि जोड

प्रत्येक शीट आठ फुटी लांबीच्या दिशेनं उभी कापा: एक पट्टी २४ इंचांची, दोन १२ इंचांच्या. दोन्ही शीट मिळून तळाचे दोन तुकडे आणि बाजूंचे चार तुकडे झाले. आता आठ फुटी तुकडे जोडून लांबी जवळजवळ सोळा फूट करायची.

जोड उतरता द्यायचा. सहा मिलिमीटर जाडीला एकास आठ या हिशेबानं ४८ मिलिमीटरचा उतार. दोन तुकडे एकमेकांवर ठेवा, वरचा ४८ मिलिमीटर मागे सरकवा, टेबलाच्या कडेला शिकंज्यांनी घट्ट आवळा आणि दोन्हींवरून एकदमच रंधा मारा. प्लायचे थर इथे तुमचे मार्गदर्शक होतात. रंधा मारत गेलात की गडद आणि फिकट थरांचे पट्टे दिसू लागतात. हे पट्टे सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर आहे. पट्टा मध्येच वाकला असेल तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. मग वरचा तुकडा उलटा करून उतारावर उतार बसवा. आधी पातळ एपॉक्सी दोन्हीकडे लावून मुरू द्या, मग लाकडाचा बारीक भुसा घातलेलं घट्ट मिश्रण लावा. वर-खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सरळ फळी आणि वजन. दाब बेताचाच ठेवा, नाहीतर सगळं एपॉक्सी बाहेर निघून जातं.

जोडताना लाइनदोरी ताणून पट्टी सरळ आहे ना ते पाहा. इथला दोन मिलिमीटरचा वाकडेपणा टोकाला जाईपर्यंत बोटभर होतो.

शिवण

बाजूच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून टोकांचे तिरके काप एकत्रच द्या, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या राहतील. खालच्या कडेपासून आठ-दहा मिलिमीटर आत, दर चार ते पाच इंचांवर दोन मिलिमीटरचं भोक पाडा. टोकांच्या कापांवर भोकं जवळजवळ हवीत.

मधला साचा कोणत्याही खोक्याच्या फळीचा करा: खाली २३ इंच, वर २९ इंच, उंची साडेअकरा. दोन्ही बाजूंची टोकं तारेनं शिवा, मध्ये साचा घाला, आणि दोन सपाट पट्ट्यांची होडी होताना बघा. दोन सुतारी घोड्यांवर (काम ठेवायच्या लाकडी स्टँडवर) ती उलटी ठेवा. साच्यापासून दोन्हीकडे चार फुटांवर एकेक आडवी काठी लावून रुंदी सारखी करा. एकीकडे एक इंच जास्त असेल तर होडी कायम एका अंगाला ओढणार.

आता दोन तपासण्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा. साच्याचा मध्य बरोबर दोरीखाली यायला हवा. मग पीळ बघा. टोकांपासून तीन-तीन फुटांवर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवा आणि एका टोकाला बसून एक डोळा मिटून बघा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर घोड्याखाली पाचर घालून पीळ काढा. हे पुन्हा पुन्हा करा: रात्री करून सोडलंत तर सकाळी परत बघा, शेजाऱ्याला बोलावून त्याच्या डोळ्यानं बघा. लाकूड रात्रीत थोडं हलतं, आणि पिळलेली होडी रंगानं झाकत नाही.

बाजू मनासारख्या बसल्या की २४ इंची तळाची पट्टी वर ठेवा, वाकवून बाजूंना टेकवा आणि आतून पेन्सिल फिरवून आकार उतरवा. रेषेच्या पाव इंच बाहेरून कापा, शिवा, आणि उरलेली कड शेवटी रंध्यानं बाजूंच्या सपाटीला आणा. कापलेले चारही कोपरे आणि टोकांचे तुकडे सांभाळून ठेवा. टोकांची झाकणं आणि आतले पडदे त्यांतूनच होतात.

टाके सगळे घातल्याखेरीज तारा पूर्ण आवळू नका. पक्कडीनं प्रत्येक टाका थोडा थोडा पिळत सगळीकडून फिरा. एकच टाका करकचून आवळला तर तार प्लाय फाडून बाहेर येते.

एपॉक्सीचे दिवस

हे काम दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारीपर्यंत उरका. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तापमान दहा अंश वाढलं की एपॉक्सी कामाला उपलब्ध राहण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे वर तेलकट साय धरते आणि पुढचा थर बसत नाही. अशी साय दिसली तर पाण्यानं आणि खरबरीत फडक्यानं धुऊन मगच घासा.

दिवसाची वेळही महत्त्वाची. सकाळी लाकूड गार असतं आणि पुढे तापत जातं. आतली हवा फुगून बाहेर पडते आणि ताज्या थरावर बारीक बुडबुडे उठतात. म्हणून पहिला थर दुपार कलल्यावर, हवा गार होत असताना द्या.

प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्या, आणि ते वजनाचं आहे की मापाचं हे नीट वाचा. छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल, हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकलं की ते कायम चिकट राहतं. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि कालवल्यावर लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ठेवलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर सोडतं आणि वाया जातं. हातमोजे प्रत्येक वेळी घाला. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर सोबत राहते. हाताला लागलंच तर थिनरनं पुसू नका, साबण-पाण्यानं धुवा.

होडी सरळ करा. आधी टाक्यांच्या मधल्या जागा घट्ट मिश्रणानं ठिपक्या-ठिपक्यांनी धरून घ्या आणि रात्रभर ठेवा. मग तारा काढा. अडकलेली तार सोल्डरिंगच्या कावियानं गरम केली की अलगद सुटते. आता सांध्यात सलग भर घाला. एपॉक्सीत चाळलेला बारीक भुसा घालून ते श्रीखंडासारखं घट्ट करा, सांध्यात भरा आणि गोल कडेच्या पट्टीनं एका ओढीत फिरवा. भर ओली असतानाच तीन इंच रुंदीची काचकापडाची पट्टी वर दाबा. कापड आधी पांढरं दिसतं. एपॉक्सी मुरलं की ते पारदर्शक होऊन खालचं लाकूड दिसू लागतं. जिथे पांढरं राहील तिथे हवा अडकलेली आहे, ब्रशच्या टोकानं ठोकून ती बाहेर काढा.

मग होडी उलटी करून बाहेरचे सगळे कोपरे गोल घासा, कारण टोकदार कडेवर काचकापड बसत नाही, उचललं जातं. संपूर्ण तळ आणि बाजूंवर कापड कोरडंच पसरा, हातानं सुरकुत्या काढा आणि मधून टोकांकडे एपॉक्सी ओढत न्या. ओढायला प्लास्टिकचं पातं बरं पडतं. वरून आणखी दोन थर द्या, विणीचे खळगे बुजेपर्यंत. घासताना मास्क हवाच, काचेची भुकटी फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही.

काठ, पडदे, बैठक

वरच्या काठाला आतून आणि बाहेरून सागाच्या पट्ट्या लावल्या की लवचिक होडी एकदम ताठ होते. मधला साचा तोवर काढू नका. त्याच्या जागी सागाची आडवी पट्टी बसवा.

दोन्ही टोकांपासून दोन-दोन फुटांवर प्लायचा आडवा पडदा घाला आणि वरून झाकण लावून हवाबंद कप्पा करा. प्रत्येक कप्प्यात तीसेक लिटर हवा राहते. होडी उलटली, पाण्यानं भरली, तरी ती या कप्प्यांमुळे वर राहते आणि तुम्हाला धरायला काहीतरी उरतं. कप्प्याला स्क्रूचं बूच ठेवा आणि उन्हात होडी ठेवताना ते उघडा. आतली तापलेली हवा सांधे फाडू शकते.

बैठक तळापासून सहा इंचांपेक्षा उंच नको. वर बसाल तेवढी होडी डुगडुगते. नवशिक्यानं पहिले काही दिवस गुडघ्यांवरच बसावं, खाली जुनं पोतं किंवा योगाची चटई घेऊन.

एपॉक्सीला ऊन सोसत नाही. काही महिन्यांत ते पिवळं पडतं आणि चुरा धरतं. म्हणून बाहेरून पॉलियुरेथेन रंग, शक्यतो फिका. आतून लाकूड दिसायला हवं असेल तर ऊन रोखणारं वार्निश द्या आणि दर वर्षी एक हात मारा.

वल्हं शिवण नावाच्या झाडाच्या किंवा पाइनच्या हलक्या लाकडाचं करा. जमिनीवर उभं धरल्यावर ते हनुवटीपर्यंत यावं. मूठ आडवी, पातं सात-आठ इंच रुंद. वल्हं जड झालं तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

पाण्यात नेण्याआधी

अंगणातच बागेच्या पाइपनं होडीत चार इंच पाणी भरा आणि तासभर ठेवा. बाहेर कुठे ओल फुटते का बघा, कप्प्यांची बुचं उघडून आत पाणी आलं का तेही बघा.

पहिली चाचणी शेततळ्यात घेऊ नका. प्लास्टिकचा कागद पाण्याखाली इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. संथ, उथळ, उताराचा काठ निवडा. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं उपयोगाचं नाही.

दोन मोठी माणसं बसली की ही होडी साधारण साडेचार इंच बुडते आणि सात इंच काठ वर राहतो. तिसरा माणूस घेऊ नका, कितीही जवळचा असला तरी. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून किती घरं उजाड झाली, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा आणि ४५ फुटांना धोका असतो. पण आपल्या होडीसाठी तो हिशेबच नाही. नदी गढूळ झाली, ओंडके वाहू लागले की होडी काठावर.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून लांब राहा, वरच्या अंगालाही आणि खालच्याही. वरून बंधारा दिसत नाही, पाणी नुसतं सपाट वाटतं. खाली पाणी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू तिथेच धरून ठेवतं.

आणि मगरी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या काठाच्या वाळूवर उन्हाला येतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालतात. घरट्याजवळची मादी हल्ला करू शकते. तेव्हा पाण्यात हात सोडून बसू नका, मासे सोलून टाकू नका आणि कुठल्या काठाला उतरायचं ते आधी तिथल्या नावाड्याला किंवा मच्छीमाराला विचारा. त्यांना एकेका मगरीची जागा ठाऊक असते. सराव साताऱ्याकडच्या धरणाच्या पाण्यात करायचा असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी घ्या. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा मोठा भाग अभयारण्याला लागून आहे, तिथे बामणोलीहून पुढे जाण्याआधी वन विभागालाही विचारावं लागतं.

होडी घरी आली की गोड्या पाण्यानं धुवा, पुसा आणि उलटी करून दोन आडव्या लाकडांवर ठेवा, सावलीत. एपॉक्सीपर्यंत गेलेला प्रत्येक ओरखडा लगेच भरा, लाकूड उघडं पडलं असेल तर आधी पूर्ण वाळू द्या. जूनच्या पहिल्या पावसाआधी ती माळ्यावर किंवा पत्र्याच्या शेडच्या कैचीला दोन पट्ट्यांनी टांगा. नदीकाठी घर असेल तर २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर असेलच. त्या खुणेच्या वर.